भोंगा बंद ठेवा : मराठी वृत्तवाहिन्यांच्या संपादकांना एका निवृत्त सुभेदाराचे खुले पत्र

मराठी वृत्तवाहिन्यांचे संपादक, वृत्तसंपादक आणि निवेदक यांस,

स. न. वि. वि.

मी लष्कराच्या सिग्नल्स म्हणजे संदेशवहन शाखेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो असून सातारा जिल्ह्यातल्या माझ्या गावी शेती पाहतो. आमच्याकडे निवृत्त फौजी शिपाई म्हणून बाहेर पडलेला असो वा सुभेदार म्हणून, गाव त्याला सरसकट ‘मेजर’च म्हणते, आणि सीमेवर जरा खुट्ट झाले की टीव्हीवर जे चालले आहे त्याचा अर्थ या मेजरने पारावर बसून समजावून सांगावा, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या चार दिवसांत मात्र पडद्यावर जे दिसत होते त्याचा अर्थ लावणे कोणत्याही फौजीला शक्य नव्हते, कारण त्यातल्या बऱ्याच गोष्टी घडलेल्याच नव्हत्या. त्या दिवसांचा धुरळा आता खाली बसला असला, तरी पुन्हा तशी वेळ येणार नाही असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, म्हणून हे पत्र शांततेच्या काळातच लिहीत आहे.

झाले काय ते तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे, तरी क्रम लावून घेतो. २२ एप्रिलला पहलगामजवळ २६ निरपराध माणसे मारली गेली, त्यांत आपल्या महाराष्ट्रातले सहा जण होते. ७ मेच्या पहाटे १ वाजून ५ मिनिटांपासून दीड वाजेपर्यंत, म्हणजे अवघ्या २५ मिनिटांत, दहशतवाद्यांच्या नऊ ठिकाणांवर मारा झाला. सकाळी परराष्ट्र सचिवांबरोबर दोन महिला अधिकारी पत्रकारांसमोर आल्या. त्यांतल्या कर्नल सोफिया कुरेशी आमच्याच सिग्नल्सच्या, हे सांगताना मला वाटणारा अभिमान मी लपवत नाही. त्या दोघींनी ठिकाण, वेळ, लक्ष्य आणि ते निवडण्यामागचे कारण एवढेच सांगितले. आवाज चढला नाही आणि एकही विशेषण जास्तीचे आले नाही.

त्यानंतर ८ आणि ९ मेच्या मधल्या रात्री देशातल्या अनेक वाहिन्यांवर कराची बंदर उद्ध्वस्त झाले, इस्लामाबाद ताब्यात आले, पाकिस्तानचे लष्करप्रमुख अटकेत गेले. यांतले काहीही घडलेले नव्हते. दुसऱ्याच देशातली जुनी दृश्ये, इतकेच काय संगणकावरच्या युद्धखेळातली दृश्येही रणभूमीवरची म्हणून फिरली, आणि सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाला एकामागून एक खुलासे काढावे लागले. या गोष्टींचा उगम बहुतांशी हिंदी वाहिन्यांत होता हे मला मान्य आहे. पण मूळ कोणाचेही असले तरी मराठीत ती बातमी तुमच्या नावाने ऐकू येते, आणि आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा विश्वास मराठी बोलणाऱ्यावरच असतो.

मी ज्या खात्यात नोकरी केली तिथे निरोप हाच आमचा दारूगोळा होता, म्हणून त्या कामाविषयी थोडे सविस्तर सांगण्याची परवानगी घेतो. सिग्नल सेंटरमध्ये येणाऱ्या प्रत्येक संदेशावर तो कोणी दिला, किती वाजता दिला आणि आमच्या हाती किती वाजता आला, याची नोंद झाल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. वेळ नसलेला संदेश आमच्या लेखी संदेशच नव्हे, कारण ‘शत्रू पुलापाशी आहे’ हे वाक्य सकाळी सहाचे की संध्याकाळी सहाचे, यावर माणसे जगतात किंवा मरतात. संदेशांना निकडीनुसार श्रेण्या असतात. ‘फ्लॅश’ ही सगळ्यांत वरची आणि ‘रुटीन’ सगळ्यांत खालची. फ्लॅश आला की बाकीचे संदेश बाजूला सारून तो आधी पोहोचवायचा, त्यामुळे ती श्रेणी लावण्याचा अधिकार कोणाला आणि केव्हा, याबद्दल फार कडक शिस्त असते. एखाद्या हौशी तरुण अधिकाऱ्याने साध्या रसदीच्या मागणीवर वरची श्रेणी लावली तर त्याची चांगलीच हजेरी घेतली जाई, कारण सगळेच फ्लॅश झाले की खरा फ्लॅश रांगेत अडकतो. तुमच्या पडद्यावर ‘ब्रेकिंग’ ही लाल पट्टी दिवसभर हलतच नाही. कांद्याचा भाव, नटीचे लग्न आणि क्षेपणास्त्राचा हल्ला एकाच पट्टीत, एकाच आवाजात येतो. ज्या दिवशी खरोखर लोकांना सावध करायचे असेल, त्या दिवशी तुमच्याकडे त्यासाठी कोणता रंग शिल्लक असेल?

आणखी एक गोष्ट. वायरलेस सेटवर बोलताना चुकीचा शब्द गेला तर ऑपरेटर तिथल्या तिथे ‘करेक्शन’ म्हणतो आणि बरोबर शब्द पुन्हा पाठवतो. त्यात त्याला लाज वाटत नाही, उलट जो चूक दडपून पुढे जातो त्याला सेटवरून उठवतात. त्या रात्रीनंतर एखाद्या वाहिनीने दिलगिरी व्यक्त केलीही, पण बाकी ठिकाणी सकाळ झाली, कराची नकाशावर पूर्वीच्याच जागी राहिली आणि निवेदक नव्या विषयाकडे वळले. ज्या पट्टीवर आणि जितका वेळ खोटे चालले, त्याच पट्टीवर आणि तितकाच वेळ ‘ती बातमी चुकीची होती’ हे चालायला नको का?

चुकीची किंमत कोण मोजतो, याचे एकच उदाहरण देतो. ७ मे रोजी पाकिस्तानच्या तोफांच्या माऱ्यात पूंछमध्ये जे नागरिक मारले गेले, त्यांत मदरशात शिकवणारे एक शिक्षक होते. काही वाहिन्यांनी त्या मृत माणसाला दहशतवादी म्हणून दाखवले. जम्मू-काश्मीर पोलिसांना जाहीर निवेदन काढून सांगावे लागले की तो माणूस गावात मान असलेला शिक्षक होता आणि त्याचा दहशतवादाशी काहीही संबंध नव्हता. शत्रूच्या गोळ्याने ज्याचा जीव घेतला त्याची अब्रू आपल्याच लोकांनी घेतली. पूंछचे लोक ताबारेषेच्या काठावर वर्षानुवर्षे तोफांचा मारा सोसत आले आहेत, आणि सीमेवर तैनात असलेल्या पलटणीची मदार अशा गावांच्या विश्वासावर असते. स्टुडिओत बसून तो विश्वास खर्च करण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

आता भोंग्याविषयी. ७ मे रोजीच देशातल्या २४४ जिल्ह्यांत नागरी संरक्षणाचा सराव ठरला होता आणि ठिकठिकाणी खरे भोंगे वाजवण्यात येणार होते. नेमक्या त्याच दिवसांत बातम्यांच्या मागे हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा पार्श्वसंगीतासारखा वाजू लागला. ज्यांनी १९७१ साली मुंबईत काचांना काळे कागद चिकटवले आहेत त्यांना विचारा, की वरखाली होणारा आवाज म्हणजे धोका आणि सरळ एकसुरी आवाज म्हणजे धोका टळला, हे त्या वेळी पोराटोरांनाही पाठ होते. त्या आवाजाला एवढी किंमत होती, कारण तो उगाच वाजत नसे. १० मे रोजी नागरी संरक्षण महासंचालनालयाला सगळ्या माध्यमांना लेखी कळवावे लागले की लोकशिक्षणाचा भाग सोडून कार्यक्रमांत हा आवाज वापरू नका, नाहीतर लोक त्याला सरावतील आणि खऱ्या हल्ल्याच्या वेळी जागचे हलणार नाहीत. एवढी साधी गोष्ट सरकारने कागदावर लिहून द्यावी लागते, याचे मला आजही नवल वाटते.

त्या भोंग्याचा घरात काय परिणाम होतो हे मी शेजारी पाहिले आहे. आमच्या आळीतला एक मुलगा तेव्हा जम्मूच्या बाजूला होता. त्याचा फोन लागत नव्हता, आणि तो लागणार नाही हे मला ठाऊक होते, कारण अशा वेळी फोन जमा करून घेतात किंवा बंद ठेवायला सांगतात. ही शिस्त आहे, तिच्यात अशुभ काही नाही. मी हे त्याच्या आईला दिवसातून दोनदा सांगत होतो आणि टीव्ही दर मिनिटाला मला खोटे पाडत होता. रात्री साडेअकराला भोंगा वाजला की ती बाई हातातले टाकून पडद्यासमोर येऊन उभी राही, सून पदराचे टोक दातात धरून दाराला टेकलेली, आणि पडद्यावर ‘जम्मूत स्फोटांचे आवाज’ एवढीच ओळ फिरत असे. कुठे, किती वाजता, कोणाचे, काही नाही. शेवटी मी रिमोट उचलून टीव्ही बंद केला आणि आकाशवाणी लावून दिली. तिथे बातमीपत्र त्याच्या वेळेला येते आणि संपल्यावर संपते. साताऱ्यात, सांगलीत, कोल्हापुरात, नगरला त्या रात्री अशी किती घरे जागी असतील याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? पहिल्या महायुद्धात ज्या एका गावाने ४६ माणसे गमावली, ते अपशिंगे आमच्याच जिल्ह्यातले. फौजेत जाणे हा इकडे घराघरातला व्यवसाय आहे. तुमच्या भोंग्याचे श्रोते तेच आहेत.

सैन्याच्या हालचालींबद्दल तर वेगळे सांगण्याची गरज पडू नये. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो सगळ्या देशाने घरी बसून पाहिले, आणि हल्लेखोरांना फोनवरून हुकूम देणारे त्यांचे म्होरके सीमेपलीकडे तेच पाहत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब खटल्याच्या निकालात त्या प्रक्षेपणावर किती कठोर ताशेरे ओढले ते तुमच्या ग्रंथालयात असेलच. दहशतवादविरोधी मोहिमेचे थेट प्रक्षेपण न करता ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेल्या माहितीपुरतेच थांबावे, हे आता केबल टीव्हीच्या नियमांतच आहे, आणि २६ एप्रिल २०२५ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने कारगिल, मुंबई आणि कंदाहार यांची आठवण देऊन ते पुन्हा बजावले होते. तरीही त्या दिवसांत सुट्टी रद्द होऊन निघालेल्या जवानांना रेल्वे स्टेशनवर गाठून ‘कोणत्या युनिटला जाताय, कोणत्या सेक्टरला’ असे विचारले जात होते. पोर वीस-बावीस वर्षांचे, अंगावरची हळदही उतरलेली नाही, भोवती गाव जमलेले, समोर माईक. तो भाबडेपणाने सांगून मोकळा होतो. शत्रूच्या बाजूने आपले बोलणे टिपणारे लोक आमच्यासारखेच सिग्नल्सवाले असतात. त्यांना एका बातमीतून काहीच कळत नाही, पण अशा चाळीस बातम्या नकाशावर मांडल्या की कोणती ब्रिगेड कुठे सरकते आहे याचा अंदाज बांधता येतो. आम्ही आयुष्यभर याच साठी वायरलेस गप्प ठेवायला शिकलो, कारण माणूस काय बोलतो यापेक्षा कुठून आणि किती बोलतो, हेही शत्रूला पुष्कळ काही सांगून जाते.

हुतात्म्याच्या दाराशी काय चालते याविषयी लिहिताना मला शब्द आवरावे लागतात. बातमी आधी घरी अधिकृतपणे कळली पाहिजे, मग गावाला आणि मग जगाला. हा क्रम किती वेळा उलटा होतो! पंचक्रोशीतल्या एका गावात एका वाहिनीची गाडी आधी पोहोचली आणि अंगणात तांदूळ निवडत बसलेल्या आईला वार्ताहराच्या तोंडून कळले. अंत्यसंस्काराच्या वेळी चार वर्षांच्या लेकराला ‘बाळा, सॅल्यूट कर, इकडे बघून’ असे दोनदा सांगणारा कॅमेरामन मी स्वतः पाहिला आहे. पहिल्या वेळी चित्र नीट आले नव्हते म्हणे. त्याच जागी तालुक्याचा एक स्थानिक वार्ताहर मात्र फाटकाबाहेर कॅमेरा खाली ठेवून उभा होता. कार्यालयातून त्याला फोनवर फोन येत होते. त्याला महिन्याला काय मिळते मला माहीत नाही, पण त्याच्यासारखी माणसे तुमच्याकडे आहेत आणि तुम्ही त्यांना ओरडता, हे मला त्या दिवशी कळले.

आमच्यातल्याही काहींना दोन शब्द सुनावले पाहिजेत. मी जेसीओ, म्हणजे जवान आणि अधिकारी यांच्या मधल्या दर्जाचा, त्यामुळे निवृत्त वरिष्ठांविषयी बोलताना जीभ आपोआप सांभाळली जाते. पण चर्चेच्या चौकटीत बसून मिशांवर ताव देत ‘आता लाहोरला चहा प्यायचा’ अशी भाषा करणारे साहेब ज्या सैन्यातून आले, त्या सैन्यात मोहिमेआधी लंगरवर, म्हणजे जवानांच्या जेवणाच्या जागी, अशी भाषा मी कधी ऐकली नाही. तिथे लोक गप्प असतात. कोणी बूट पाहतो, कोणी घरी लिहितो. तुम्ही अशा साहेबांना शोधून शोधून बोलावता आणि जे अधिकारी नकाशा समोर ठेवून संथपणे समजावून सांगतात त्यांना दुसऱ्या दिवशी बोलावत नाही, हा दोष तुमचा.

यावर तुम्ही म्हणाल की सरकार वेळेवर माहिती देत नाही, मग आम्ही काय करायचे. यात तथ्य आहे. त्या रात्री अधिकृत माहिती तुटपुंजी होती आणि पोकळीत अफवा शिरणारच. सरकारने दर काही तासांनी, सांगण्यासारखे काही नसले तरी ‘सांगण्यासारखे नाही’ एवढे सांगायला हवे होते. पण रिकाम्या सेटवर आम्ही मनाने संदेश तयार करत नव्हतो. ‘अद्याप पुष्टी नाही, वाट पाहत आहोत’ हे वाक्य मराठीत सहज बोलता येते आणि प्रेक्षकाला ते समजते.

माझे म्हणणे तुम्ही गप्प बसावे असे मुळीच नाही, आणि प्रश्न विचारणाऱ्याला देशद्रोही ठरवण्याची जी फॅशन आली आहे तिच्याशीही मला कर्तव्य नाही. पहलगामसारख्या पर्यटनस्थळी सुरक्षा का नव्हती, हे विचारा. आपली लढाऊ विमाने पडली का, असे विचारणाऱ्यांना त्या दिवसांत शिव्या पडल्या. पण ३१ मे रोजी सिंगापूरमध्ये खुद्द सरसेनाध्यक्ष जनरल अनिल चौहान यांनी नुकसान झाल्याचे मान्य केले आणि विमान पडले यापेक्षा ते का पडले आणि चूक सुधारून आपण पुन्हा कसे उडालो हे महत्त्वाचे, असे सांगितले. सैन्य आपले नुकसान जगासमोर असे सांगू शकते, मग तुम्हाला ते झाकण्याची घाई का? १० मे रोजी दुपारी पाकिस्तानच्या सैनिकी मोहीम महासंचालकांचा आपल्या महासंचालकांना फोन आला आणि संध्याकाळी पाचपासून गोळीबार थांबवण्याचे ठरले. त्या संध्याकाळी काही निवेदकांचे चेहरे असे पडले होते की जणू त्यांचे स्वतःचे काही हिरावले गेले. परराष्ट्र सचिवांना समाजमाध्यमांवर इतकी शिवीगाळ झाली की त्यांना आपले खाते बंदिस्त करावे लागले. आमच्या आळीत मात्र त्या संध्याकाळी त्या मुलाचा फोन आला.

आणि शांततेच्या काळात तुम्ही कुठे असता? १ जुलै २०१४ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू झालेली समान पद, समान निवृत्तिवेतन ही योजना मिळवण्यासाठी म्हाताऱ्या फौजींना २०१५ मध्ये जंतरमंतरवर बसावे लागले. दिव्यांगत्वाच्या निवृत्तिवेतनासाठी जवान कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. जून २०२२ मध्ये चार वर्षांसाठी सैन्यभरती करणारी अग्निपथ योजना आली, आणि चार वर्षांनंतर चौघांतल्या तिघांना परत पाठवल्यावर ती पोरे काय करणार, हा प्रश्न आमच्या गावच्या तालमीत रोज पहाटे धावणाऱ्या मुलांच्या आयांना पडतो. यांवर एक तास चर्चा ठेवा. भोंगा लागणार नाही, त्यामुळे प्रेक्षक कमी येतील, हे मी समजून आहे.

तुमच्याकडून मला तीन-चार कामांची लेखी हमी हवी आहे आणि ती पडद्यावर वाचून दाखवली जावी, एवढी विनंती आहे. इशाऱ्याचा भोंगा कोणत्याही कार्यक्रमात वाजणार नाही. प्रत्येक दृश्यावर ते कुठले, कधीचे आणि कोणाकडून आले याची नोंद दिसेल, आणि जुने असेल तर जुने असे ठळक लिहिले जाईल. घरच्यांना अधिकृतपणे कळेपर्यंत कोणाही जवानाचे नाव, चित्र किंवा गाव दाखवले जाणार नाही. चूक झाली तर ती त्याच पट्टीत आणि तितकाच वेळ सुधारली जाईल. यासाठी नवा कायदा लागत नाही, की सरकारची परवानगी लागत नाही.

तुमच्या तरुण वार्ताहरांना संदेश कसा तपासतात, वेळ कशी लावतात, कोणत्या दृश्यातून शत्रूला काय कळते, हे शिकायचे असेल तर आम्ही सिग्नल्सचे निवृत्त लोक जिल्ह्याजिल्ह्यांत बसलेले आहोत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात निरोप ठेवलात की आम्हाला मिळेल. एक दिवस येऊ, फळ्यावर मांडून दाखवू, मानधन नको, एसटीने येऊ. फक्त चर्चेच्या चौकटीत बसवू नका.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त सुभेदार, कोअर ऑफ सिग्नल्स
जिल्हा सातारा